हजरत यूसुफांचा मिसर, नकाशातला इजिप्त

ज्या मशिदीत तरावीहच्या नमाजीत रोज एक पारा ऐकवला जातो, तिथे रमजानच्या बाराव्या रात्री हजरत यूसुफ (अ.) यांची कथा सुरू होते आणि तेराव्या रात्री संपते. ही कथा बहुतेकांना कुठून ना कुठून माहीत असते. ज्यू आणि ख्रिस्ती धर्मग्रंथांत यूसुफ म्हणजे योसेफ. भावांनी मत्सरापोटी त्याला विहिरीत टाकले, वाटेने जाणाऱ्या तांड्याने वर काढले, परक्या देशात नेऊन विकले. मग तुरुंग, राजाचे स्वप्न, सात वर्षांचा सुकाळ, सात वर्षांचा दुष्काळ आणि शेवटी धान्य मागायला दारात उभे राहिलेले तेच भाऊ.

या कथेत त्या परक्या देशाचे नाव दोन वेळा येते. बाराव्या रात्री ते कानावर पडते ते गुलाम विकत घेणाऱ्या माणसाची ओळख म्हणून: मिसरचा एक माणूस. तेराव्या रात्री त्याच नावाने स्वागत होते. मोठ्या हुद्द्यावर पोहोचलेले यूसुफ आपल्या आईवडिलांना सांगतात की आता मिसरमध्ये या, अल्लाहची इच्छा असेल तर इथे निर्धास्त राहाल. जिथे मुलगा विकला गेला, तिथेच सारे कुटुंब आसऱ्याला आले.

हा मिसर नकाशात शोधायला गेले तर सापडत नाही. शाळेच्या भूगोलात तो इजिप्त आहे. मराठी बायबल उघडले तर तिथे मात्र मिसरच आहे. मोशे आपल्या लोकांना मिसर देशातून बाहेर काढतो. म्हणजे मराठीत एकाच देशाची दोन नावे नांदतात, एक धर्मग्रंथांतून आलेले आणि एक युरोपमार्गे आलेले. गंमत अशी, की पिरॅमिड बांधणाऱ्या माणसाला यांतले एकही नाव ओळखीचे वाटले नसते.

तो माणूस आपल्या देशाला ‘केमेत’ म्हणत असे. अर्थ, काळी जमीन. नाईल नदीला दरवर्षी पूर यायचा आणि ओसरताना काठावर काळ्या गाळाचा थर सोडून जायचा. गव्हाचे पीक त्या गाळावर यायचे. गाळ जिथे संपतो तिथून लालसर वाळवंट सुरू होते. त्याला वेगळे नाव होते, ‘देश्रेत’, म्हणजे लाल जमीन. नाईलकाठी आजही ही रेघ इतकी स्पष्ट दिसते, की एक पाय शेतात आणि एक पाय वाळवंटात ठेवून उभे राहता येते. राजाची बिरुदे मोठी असत, त्यांत ‘दोन्ही भूमींचा स्वामी’ असेही येई, पण देशाचे नाव शेतकऱ्याच्या डोळ्याने ठेवलेले होते. काळ्या कसदार मातीची किंमत जाणणाऱ्या महाराष्ट्रातल्या माणसाला हे नाव समजावून सांगायची गरज नाही.

या नावाचा एक धागा कदाचित मराठीपर्यंत आला आहे. आपण सहज म्हणतो, ‘त्याने काय किमया केली!’ हा शब्द अरबीतल्या ‘कीमिया’वरून आला. हलक्या धातूचे सोने करण्याची विद्या म्हणजे कीमिया, आणि युरोपातली केमिस्ट्री हीसुद्धा तिचीच नात. अरबांनी हा शब्द ग्रीकांकडून घेतला. ग्रीकांकडे तो कुठून आला यावर विद्वानांत दोन तट आहेत. काही म्हणतात, ‘केमेत’वरून, म्हणजे ही ‘काळ्या भूमीची विद्या’. काही म्हणतात, धातू वितळवून ओतण्याच्या ग्रीक शब्दावरून. पहिले मत खरे निघाले तर किमया या शब्दाला नाईलचा गाळ लागलेला आहे असे म्हणावे लागेल.

मग मिसर हे नाव कोणी दिले? शेजाऱ्यांनी. १८८७ साली इजिप्तमध्ये अमार्ना येथे मातीच्या विटा सापडल्या. त्यांवर बाणाच्या टोकासारख्या खुणांच्या लिपीत पत्रे कोरलेली होती. सुमारे ३,३०० वर्षांपूर्वी बाबिलोन आणि आसपासच्या राजांनी इजिप्तच्या राजाला धाडलेला हा पत्रव्यवहार होता. कोणाला सोने हवे होते, कोणाला राजकन्या, कोणाची तक्रार होती की मागच्या वेळी आलेले सोने हिणकस निघाले. या पत्रांत देशाचे नाव आहे ‘मिस्री’. त्यांच्या अक्कडी भाषेत ‘मिस्रू’ म्हणजे सीमा, सरहद्द. पूर्वेकडून येणाऱ्याला आधी सरहद्द लागते, म्हणून पलीकडचा मुलूख तो सरहद्दीचा मुलूख, असा या नावाचा अर्थ लावला जातो.

हिब्रूत हे नाव ‘मित्सराइम’ झाले. शेवटचा ‘आइम’ हा हिब्रूत जोडीच्या वस्तूंना लागणारा प्रत्यय आहे, जसे दोन डोळे, दोन हात. वरचा इजिप्त आणि खालचा इजिप्त अशा त्या ‘दोन भूमी’ या प्रत्ययात उतरल्या असाव्यात. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात मित्सराइम हे माणसाचेही नाव आहे, नोहाचा नातू, हामचा मुलगा. अरब इतिहासकारांनीही ही वंशावळ पुढे चालवली आणि हजरत नूह (अ.) यांच्या कुळातल्या मिसर नावाच्या पुरुषावरून देशाला नाव पडल्याचे लिहून ठेवले. ज्यू धर्मपंडितांनी या नावावर आणखी एक शब्दखेळ केला. हिब्रूत ‘मेत्सार’ म्हणजे अरुंद, कोंडीची जागा. तेव्हा मित्सराइममधून सुटका म्हणजे कोंडीतून सुटका. वल्हांडणाच्या रात्री जगभरातली ज्यू कुटुंबे जेवणाच्या मेजाभोवती बसून ही सुटका वाचतात. त्या वाचनाच्या पोथीला हग्गादा म्हणतात. कोकणातल्या बेने इस्राएल समाजासाठी ती मराठी भाषांतरासह १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात छापली गेली. नाईलकाठच्या गुलामगिरीची गोष्ट त्यामुळे दीडशे वर्षांहून अधिक काळ मराठीतूनही वाचली जाते आहे. त्याच सुटकेची आठवण म्हणून मुसलमान मुहर्रमच्या दहाव्या दिवशी, आशुऱ्याला, ऐच्छिक रोजा ठेवतात, हे शेजारच्या घरांत फारसे ठाऊक नसते.

अरबीत या शब्दाला आणखी एक फांदी फुटली. देशाचे नाव ते आहेच. पण नुसते ‘मिस्र’ म्हणजे शहर, ठाणे. अनेकवचन ‘अम्सार’. इराकमधली बसरा आणि कूफा ही शहरे आरंभीच्या इस्लामी काळात अशाच लष्करी ठाण्यांतून उभी राहिली आणि त्यांना अम्सार म्हणत. त्यामुळे कुरआनाच्या दुसऱ्या अध्यायातल्या एका जागी भाष्यकारांची चर्चा रंगते. हजरत मूसा (अ.) यांची माणसे वाळवंटात रोज तेच ते आसमानी अन्न खाऊन कंटाळतात आणि भाजीपाला, काकडी, लसूण, मसूर, कांदा मागू लागतात. तेव्हा त्यांना सांगितले जाते की मग जा, उतरा एखाद्या ‘मिस्र’मध्ये, तुम्ही मागता ते तिथे मिळेल. इथे शब्दाच्या शेवटी असा उच्चार आहे की बहुतेक जण त्याचा अर्थ ‘कोणतेही एक शहर’ असा करतात. काहींनी मात्र तो इजिप्तच मानला, म्हणजे ज्या गुलामीतून सुटलात तिथेच कांद्यासाठी परत जा, असा टोला. बायबलच्या गणना या पुस्तकातही हीच कुरकुर आहे. तिथे मासळी आणि खरबुजेही आठवतात. असरच्या नमाजीनंतर गल्लीत भज्यांची कढई चढते, तेव्हा रोजेदाराला त्या बिचाऱ्यांचा फार राग येत नसावा.

आता इजिप्त. हे नावही बाहेरच्यांनीच दिले, पण त्यामागचा शब्द देशातलाच होता. आजच्या कैरोच्या दक्षिणेला मेम्फिस नावाची जुनी राजधानी होती. तिथल्या प्ताह या देवाच्या मंदिराला ‘हुत-का-प्ताह’ म्हणत, प्ताहच्या आत्म्याचे घर. मंदिराचे नाव शहराला पडले आणि शहराचे देशाला. ग्रीकांच्या तोंडी त्याचे ‘आयगुप्तोस’ झाले. होमरच्या ओडिसीत तर हा शब्द देशासाठी येतो तसा नाईल नदीसाठीही येतो. लॅटिनमधून तो युरोपभर पसरला आणि इंग्रजांबरोबर इजिप्त होऊन आपल्या शाळेत आला.

ग्रीक शब्दाची दुसरी वाट अरबस्तानाकडे गेली, आणि खरी गोष्ट तिथेच आहे. आयगुप्तोसमधला ‘गुप्त’ उचलून अरबांनी त्या देशाच्या माणसांना ‘किब्त’ म्हटले. प्रेषित हजरत मुहंमद (स.) यांनी इजिप्तच्या अधिपतीला पत्र पाठवले अशी परंपरा आहे, त्यात त्याला ‘किब्त लोकांचा प्रमुख’ असे संबोधले आहे. त्या अधिपतीकडून मदीनेला आलेल्या हजरत मारिया यांना ‘किब्तिया’ म्हणजे इजिप्तच्या असे म्हणत. प्रेषितांचा मुलगा इब्राहीम त्यांच्याच पोटी जन्मला आणि लहानपणीच वारला. त्याच्याही कितीतरी आधी हजरत इब्राहीम (अ.) यांच्या पत्नी हाजरा होत्या, बायबलही त्यांना मिसरची म्हणते. त्यांचा मुलगा इस्माईल, आणि अरबांची एक मोठी शाखा स्वतःला इस्माईलचे वंशज मानते. तेव्हा मिसर हे अरबांचे आजोळ ठरते. ‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहात प्रेषितांची सूचना नोंदलेली आहे की मिसरच्या लोकांशी चांगले वागा, त्यांच्याशी नाते आहे. हजला जाणारा प्रत्येक जण सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात फेऱ्या घालतो, तो तहानेल्या बाळासाठी पाणी शोधत धावणाऱ्या मिसरच्या या लेकीच्या पावलांवर.

६३९ साली अम्र बिन आस यांचे सैन्य इजिप्तमध्ये शिरले, तेव्हा ‘किब्त’ या शब्दात नाईलकाठचा सारा स्थानिक समाज येत होता. तो समाज ख्रिस्ती होता. पुढच्या काही शतकांत त्यातले बहुतेक लोक हळूहळू मुसलमान झाले आणि अरबी बोलू लागले. जे ख्रिस्ती राहिले, त्यांच्यापुरताच ‘किब्त’ हा शब्द उरला. आज कोप्ट म्हणजे इजिप्तमधला ख्रिस्ती. साऱ्या देशाचे नाव एका धर्माच्या लोकांचे नाव झाले. मुसलमान झालेला शेतकरी त्याच गावात, त्याच शेतात, त्याच आजोबाचा नातू म्हणून राहिला, पण ‘किब्त’ राहिला नाही.

ही गोष्ट हिंदुस्थानी वाचकाला ओळखीची वाटली तर नवल नाही. सिंधू नदीचे इराणी उच्चारात हिंदू झाले. स-चा ह होणे ही त्या भाषेची रीत. इराणमध्ये नक्श-ए-रुस्तमच्या कड्यावर सम्राट डेरियसचा लेख आहे. त्यात त्याच्या ताब्यातल्या मुलखांची यादी आहे आणि तिच्यात ‘हिंदुश’ आणि ‘मुद्राय’ ही दोन्ही नावे आहेत. मुद्राय म्हणजे मिसरच. अडीच हजार वर्षांपूर्वी एका कड्यावर कोरलेली ही दोन नावे तेव्हा निव्वळ भूगोलाची होती. पुढे एका मुलखाच्या ग्रीक नावातून किब्त झाला आणि दुसऱ्याच्या नावातून हिंदू, आणि दोन्ही शब्द भूगोलातून धर्मात गेले. अरबांनी मात्र ‘हिंद’ हा शब्द मुलखासाठीच ठेवला. मक्केत मराठी मुसलमान हाजीला आजही ‘हिंदी’च म्हणतात. अरब घरांत मुलीचे नावही हिंद ठेवत. प्रेषितांच्या पत्नी उम्मे सलमा यांचे मूळ नाव हिंद होते.

इजिप्तमध्ये शब्दाने माणसे वेगळी केली, पण मातीने तेवढी केली नाहीत. कोप्ट चर्चच्या प्रार्थनेत अजूनही कोप्टिक भाषा वापरली जाते. ती फॅरोंच्या भाषेचीच शेवटची पिढी, फक्त मुख्यतः ग्रीक अक्षरांत लिहिलेली, आणि तिच्यात काळ्या जमिनीचे जुने नाव ‘किमी’ या रूपात जिवंत आहे. फ्रान्सच्या शांपोल्यों याने १८२२ साली चित्रलिपीचे कोडे सोडवले, तेव्हा ही चर्चमधली भाषा त्याच्या फार कामी आली. दुसरीकडे शेताच्या बांधावर मुसलमान शेतकरीही कोप्टिक महिने मोजतो: तूबा थंडीचा, अमशीर वाऱ्यावावटळीचा. कारण साधे आहे. हिजरी वर्ष चंद्राचे, ते दरवर्षी सुमारे ११ दिवसांनी मागे सरकते. म्हणून तर रमजान कधी उन्हाळ्यात येतो, कधी थंडीत. पेरणीला असे सरकता येत नाही. आपल्याकडे मुसलमान शेतकरी मृग कधी निघतो ते विचारतो, तसेच हे.

१९१९ साली इंग्रजांविरुद्ध इजिप्त पेटला, तेव्हा मोर्च्यांत चंद्रकोर आणि क्रूस एकत्र असलेले झेंडे होते आणि सर्जियस नावाच्या कोप्ट धर्मगुरूने कैरोच्या अल-अझहर मशिदीत मिंबरवर उभे राहून भाषण केले. पुढे सारे सुरळीत झाले असे नाही. कोप्टांच्या तक्रारी आहेत, त्यांच्या चर्चवर हल्लेही झाले आहेत. पण दोघांनी आपल्या देशाला हाक मारायचा शब्द एकच आहे, ‘मस्र’. मिस्रचा तो रस्त्यावरचा उच्चार.

हा शब्द सरकारलाही पुसता आला नाही. १९५८ साली नासर यांनी सिरियाशी एकीकरण केले आणि नव्या देशाचे नाव ठेवले संयुक्त अरब प्रजासत्ताक. म्हणजे हजारो वर्षे चालत आलेले मिसर हे नाव कागदावरून गेले. १९६१ साली सिरिया बाहेर पडला, तरी नाव तेच राहिले. १९७१ साली देशाच्या अधिकृत नावात मिसर परत आला. तेरा वर्षे देशाच्या शिक्क्यावर देशाचे नाव नव्हते. लोकांच्या तोंडचे मात्र कधी गेलेच नव्हते.

या नावाचे शिंतोडे दूरवर उडाले आहेत. तुर्की भाषेत मिसर म्हणजे इजिप्त आणि मिसर म्हणजेच मका, कारण मका तिकडून आला असे तुर्कांना वाटले. इजिप्तवाले मात्र मक्याला ‘शामी’, म्हणजे सिरियाचा, म्हणतात. मका दोघांचाही नाही, तो अमेरिकेचा. युरोपात भटकत गेलेल्या रोमा लोकांना इंग्रजांनी इजिप्तचे समजून जिप्सी म्हटले. त्यांची भाषा तपासली तेव्हा ती निघाली हिंदुस्थानातली, मराठीची लांबची बहीण.

उर्दू-हिंदीत खडीसाखरेला मिसरी म्हणतात, तेही मिसरवरूनच. (दात घासायची मिश्री वेगळी, तिचा इथे संबंध नाही.) बारीक साखर चीनच्या नावाची चिनी, खडीसाखर मिसरची मिसरी. आणि जगाला साखरेचे शब्द दिले ते याच मुलखाने: शर्करेवरून अरबी सुक्कर आणि इंग्रजी शुगर, खंडवरून अरबी कंद आणि इंग्रजी कँडी. शब्द इथून गेला आणि साखर पुढे मिसरचे नाव लावून परत आली. मिसरची साखर होतीच तशी नावाजलेली. नासिर खुस्रो हा इराणी प्रवासी १०४७ साली कैरोला पोहोचला. रमजानच्या शेवटच्या दिवशी, ईदसाठी सजवलेले सुलतानाच्या मेजवानीचे दालन त्याला पाहायला मिळाले. तिथे संत्र्याचे एक झाड होते, फांद्या आणि पानांसकट सारे साखरेचे, आणि त्याच्यासोबत साखरेच्या हजार मूर्ती. त्या दिवसासाठी ५०,००० मण साखर लागते असे त्याला सांगण्यात आले.

त्या कैरोत रमजानच्या रात्री आजही गल्लोगल्ली रंगीत काचांचे कंदील टांगतात. त्यांना फानूस म्हणतात, आणि जुन्या मराठी वाड्यांत हंड्या-झुंबरांच्या जोडीला असणारे फानस ते हेच. मूळ शब्द ग्रीक. लोक सांगतात की ९७३ सालच्या रमजानमध्ये फातिमी खलीफा मुइझ कैरोत आला, तेव्हा त्याच्या स्वागताला माणसे कंदील घेऊन निघाली आणि तेव्हापासून ही चाल पडली. कंदील बनवणारा, विकणारा आणि मुलाच्या हट्टापायी विकत घेणारा, यांत कोण कुठल्या धर्माचा हे कंदिलावरून कळत नाही.

ईद जवळ आली की अलेक्झांड्रियाच्या स्थानकावर घरी निघालेल्यांची गर्दी होते. कैरोला जायचे असेल तर तिथला माणूस अल-काहिरा हे पुस्तकी नाव सहसा घेत नाही. तो म्हणतो, ‘मस्रला चाललोय.’ तो मस्रमध्येच उभा असतो, आणि मस्रलाच चाललेला असतो.